गुदामांतील बोलकी चिठ्ठी

सुज्ञ वाचकांपैकीं ज्यांच्या स्वयंपाकघरांत बिस्किटांचा एखादा पुडा असेल, त्यांनीं तो क्षणभर हातीं घ्यावा. मागील बाजूस काळ्या उभ्या रेघांचा एक पट्टा व त्याखालीं तेरा आंकडे दिसतील. आरंभीं बहुधा ८९० असेल. आमच्या शेजारचे एक विद्वान् गृहस्थ ‘८९० म्हणजे स्वदेशी माल’ असें छातीठोकपणें सांगत असतात. परंतु तें खरें नव्हे. ज्या कंपनीनें आपला क्रमांक भारतांतील जीएस-वन या संस्थेकडून घेतला, तिच्या मालावर ८९० येतो. माल कोठें तयार झाला याविषयीं तो आंकडा कांहींच सांगत नाहीं.

या रेघांचें मूळ मोठें मौजेचें आहे. अमेरिकेंतील नॉर्मन जोसेफ वुडलंड हे मायामीच्या समुद्रकांठीं वाळूंत बसले असतां त्यांना मोर्सच्या तारायंत्री लिपीची आठवण झाली, आणि तींतील टिंबें व रेघा त्यांनीं बोटांनीं खालीं ओढून लांब केल्या. त्यांनीं व त्यांचे मित्र बर्नार्ड सिल्व्हर यांनीं १९४९ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. १९५२ सालीं तें मिळालें. दुकानांतील आजच्या पद्धतीच्या रेघा मात्र प्रथम वाचल्या गेल्या त्या २६ जून १९७४ रोजीं, ओहायो संस्थानांतील ट्रॉय गांवीं, आणि त्याहि च्युइंग गमच्या एका पुड्यावरच्या!

माझ्यासारख्या संस्कृताच्या मास्तराला यांत गोडी वाटली ती शेवटच्या आंकड्यामुळें. हा आंकडा पहारेकरी आहे. ८९०१२३४५६७८९ हे बारा आंकडे घ्या. विषम स्थानच्या आंकड्यांची बेरीज २८, सम स्थानच्या आंकड्यांची ३४, तिची तिप्पट १०२, एकूण १३०. पुढील दशक पुरें करण्यास कांहींच लागत नाहीं, म्हणून तेरावा आंकडा शून्य. यांतील कोणताहि एक आंकडा चुकला कीं हिशेब बिघडतो. आपल्या वैदिकांनीं क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशीं पदें पुढें-मागें गुंफून मंत्राचा एक वर्णहि ढळूं दिला नाहीं. युक्ति निराळी, पण चिंता तीच.

आतां मूळ गोष्टीकडे वळतों. माझा पुतण्या भिवंडीजवळील एका औषधांच्या गुदामांत व्यवस्थापक आहे. एका रविवारीं तो घरीं आला तो पडलेल्या चेहऱ्यानें. जेवणाच्या पंक्तींतहि बोलेना. शेवटीं ओसरीवर बसल्यावर म्हणाला, “काका, आमच्याकडे लेबलें चिकटविणारा एक मुलगा आहे, त्याला मालक उद्यां काढून टाकणार आहेत.”

हकीकत अशी. औषध बनविणाऱ्यांनीं लहान मुलांच्या एका औषधाची एक बॅच तांतडीनें रोखून ठेवण्यास कळविलें. गुदामाचें सॉफ्टवेअर प्रत्येक लांकडी पॅलेटला अठरा आंकड्यांचा स्वतंत्र क्रमांक देतें. त्या क्रमांकावरून कोणती बॅच कोणत्या मांडणीवर आहे हें घटकेंत कळावें. पण पॅलेटांवरील क्रमांक आणि सॉफ्टवेअरमधील क्रमांक जुळेनात. पूर्वींच स्कॅनरनें ते नाकारले होते, तेव्हां हमालांनीं ‘मागाहून पाहूं’ म्हणून जागा दिसेल तेथें माल रचला होता. दोन रात्री जागून एकेक खोकें हातांनीं तपासावें लागलें. त्या काळांत तें औषध बाहेर गेलें नाहीं, ही परमेश्वराची कृपा. ठपका मात्र मुलावर आला: यानेंच भलतीं लेबलें चिकटविलीं.

“लेबलें आहेत का जवळ?” मीं विचारलें. त्यानें खिशांतून तीन काढून दिलीं. मीं संवयीनें पहारेकरी आंकडा तपासला (अठरा आंकड्यांत तिप्पट विषम स्थानांची करावयाची, एवढाच फरक), तों हिशेब जुळेना. मग ध्यानांत आलें कीं, तिहींच्या शेपटीस तीन तीन शून्यें होतीं, आणि तीनहि क्रमांक एकच होते!

“अरे, हे आंकडे लेबलावर येतात कसे?”

तो म्हणाला, “सॉफ्टवेअरमधून यादी काढून स्प्रेडशीटमध्यें घेतों आणि तेथून छापण्याच्या प्रोग्रॅमला देतों. तें काम मीच करतों, काका.” आणि एकदम गप्प झाला.

स्प्रेडशीट अठरा आंकड्यांकडे संख्या म्हणून पाहूं लागलें कीं पहिले पंधराच जपतें. पुढच्या तिघांच्या जागीं शून्यें बसवितें. आणि साध्या कोड-१२८ पद्धतीच्या रेघा चुकलेले आंकडेहि निमूटपणें वाहून नेतात. सोमवारीं पुतण्यानें मालकांसमोर तीं लेबलें मांडून चूक स्वतःची म्हणून सांगितली. मुलगा राहिला, याच्या पगारांतील वाढ त्या वर्षीं राहिली.

त्यानंतर त्यांनीं मधली हातचलाखीच काढून टाकली. आतां दारांत माल उतरून आवक नोंदली कीं सॉफ्टवेअर आपण होऊन लेबलयंत्राला हुकूम पाठवितें. लेबलाचा सांचा यंत्रांतच सांठविलेला. बाहेरून केवळ क्रमांक, बॅच आणि मुदत एवढेंच येतें. चित्र पाठवीत नाहींत, आंकडे पाठवितात, यांत मर्म आहे. सामान्य यंत्र एका मिलिमीटरांत आठ ठिपके उमटवितें. चित्र लहान-मोठें केलें तर रेघेची कड ठिपक्याच्या मध्यें पडते आणि जाडीचें प्रमाण बिघडतें. यंत्रानें रेघा स्वतः आंखल्या तर हा दोष येत नाहीं.

पण एवढ्यानें सुटका नाहीं. हुकूम पोंचला म्हणजे लेबल निघालें असें नव्हे. कागद संपलेला असूं शकतो. कारकून अधीर होऊन पुन्हां बटण दाबतो, कागद भरतांच दोन लेबलें बाहेर पडतात, आणि एक भलत्याच पॅलेटवर जातें. म्हणून यंत्राला त्याची स्थिति विचारावी लागते, आणि चिकटविलेलें लेबल स्कॅनरनें वाचून परत सॉफ्टवेअरला दाखविल्यावांचून माल हलवूं देत नाहींत. माझ्या मतें सगळ्या जोडणींत ही शेवटची पायरी अधिक मोलाची. पैसे वांचविण्याकरितां कित्येक ठिकाणीं हीच गाळतात.

कागदाविषयींहि एक शब्द. नुसत्या उष्णतेनें उमटणारें लेबल उन्हानें व उकाड्यानें पुसट होतें. दुकानाच्या पावत्या कपाटांत कोऱ्या झालेल्या आमच्या सूनबाईंनीं पाहिल्याच आहेत. महिनोंमहिने राहणाऱ्या मालावर शाईच्या रिबिनीनें छापलेलेंच लेबल हवें. (घरांतील हमीपत्रासोबतच्या पावतीचा फोटो काढून ठेवावा, हें जातां जातां.)

तो मुलगा आतां लेबलयंत्र संभाळतो. गेल्या दिवाळींत पुतण्याबरोबर फराळास आला होता. मीं त्याला तिप्पटीचा हिशेब शिकविला. दोन चकल्या संपण्यापूर्वीं त्यानें आमच्या फडताळांतील साबण, चहा आणि बिस्किटें सारीं तपासून टाकलीं, आणि चहाच्या पुड्यावर माझीच बेरीज चुकलेली दाखवून दिली.