शिक्का मारण्यापूर्वी

वैनगंगेच्या खोऱ्यातील आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी हा सारा धानाचा मुलूख. पोत्यावरचे नाव आणि पोत्यातला माल यांतील फरक येथील व्यापाऱ्याला कोणी शिकवावा लागत नाही. याच पट्ट्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावी, दादाजी खोब्रागडे यांनी वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून धानाचे एक वाण सिद्ध केले. बाजारात ते आले तेव्हा त्याला नाव नव्हते. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून लोक त्याला ‘एचएमटी’ म्हणू लागले. तांदळाचा घड्याळाशी काही संबंध नाही. पण नाव चिकटले ते कायमचे. धानाला अशा नावाची बाधा होत नाही. माणसाला मात्र होते.

समलिंगी व्यक्तींचा विषय घरात वा दुकानात निघाला की हे ध्यानात येते. एका बाजूने ‘विकृत’, ‘बायल्या’, ‘पाश्चात्त्यांचे खूळ’ असे शब्द येतात. दुसऱ्या बाजूने ‘मागासलेले’, ‘बुरसटलेले’, ‘द्वेष्टे’ अशी परतफेड होते. शब्द फेकला गेला की बोलणे तेथेच संपते. आजोबांना ब्रह्मचर्य आणि गृहस्थधर्म यांविषयी मनापासून काही विचारायचे असते, ते राहून जाते. नातवाला स्वतःविषयी काही सांगायचे असते, तेही राहून जाते.

या वादात शब्दांची सरमिसळही फार होते. ज्या व्यक्तीचे आकर्षण स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीकडे असते ती समलिंगी. जन्मतः ठरविलेले लिंग ज्या व्यक्तीला आपले वाटत नाही, तिचा प्रश्न वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांच्या हक्कांविषयी निकाल दिला. प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या समलिंगी संबंधांवरील निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी, ऐन पर्युषणाच्या सुमारास आला. विषय दोन, निकालही दोन. गावगप्पांत मात्र एकाच हेटाळणीच्या शब्दात सारे कोंबले जातात. नाजूक चालीचा मुलगा, नाटकात स्त्रीभूमिका करणारा कलावंत, उशिरापर्यंत अविवाहित राहिलेला तरुण, हे सगळे त्याच शब्दाचे धनी होतात. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीतील नायक मुळात पैलवान; तमाशासाठी नाच्या झाल्यावर त्याला भोगावी लागलेली अवहेलना मराठी वाचकांना ठाऊक आहेच.

शिक्क्याचे मूळ कायद्यातही होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ने अशा संबंधांना निसर्गक्रमाविरुद्ध ठरविले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याची धार काढली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत आणली आणि २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने संमतीच्या संबंधांपुरते ते कलम रद्द ठरविले. समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास मात्र न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. म्हणजे गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला; विवाहाचा प्रश्न तसाच राहिला. वैद्यकशास्त्राने तर ‘रोगी’ हा शिक्का त्याआधीच मागे घेतला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळण्यास मान्यता दिली आणि भारतीय मनोचिकित्सकांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नसल्याचे जाहीर केले. त्यामुळे ‘औषधाने सुधारेल’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याच्या मागे शास्त्र नाही.

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील होत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कर्वे खटला हरले. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर द्यायचे की शिक्का, हा मुद्दा तेव्हापासून शिल्लक आहे.

पुढे याच माणसांनी स्वतःसाठी नावे शोधली. अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘हमसफर’ न्यास उभारला. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात ‘समपथिक’ ट्रस्ट स्थापन केला. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: बरोबर वाट चालणारा. माणूस स्वतःहून घेतो ते नाव त्याला आधार देते. दुसऱ्याने लादलेले नाव त्याला कोपऱ्यात ढकलते.

जैन परंपरेने या बाबतीत जी सूक्ष्मता दाखविली आहे, ती आज फारशी आठवली जात नाही. कर्मशास्त्रात स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे तीन वेद सांगितले असून ते मोहनीय कर्माच्या नोकषायांत मोजले जातात. बाह्य शरीराचा द्रव्यवेद आणि अंतरीचा भाववेद हे क्वचित भिन्न असू शकतात, हेही आचार्यांनी नोंदविले आहे. तिन्ही वेद बंधनाचेच. एकाच्या नावे दुसऱ्याने मिरवावे असे त्यांत काही नाही. दशवैकालिक सूत्राचे सातवे अध्ययन तर वाणीच्या शुद्धीवरच आहे. एकाक्षाला काणा, पंडकाला पंडक, रुग्णाला रोगी आणि चोराला चोर म्हणून हाक मारू नये, असे ते साधूला बजावते. पंडक हा शब्द त्या काळी स्त्री-पुरुषांच्या रूढ चौकटीत न बसणाऱ्यासाठी होता. बोललेले खरे असले, तरी दुखविणारे संबोधन वर्ज्य, असा हा दंडक आहे.

याचा अर्थ धर्माचा आदर्श सोडावा असा नव्हे. ब्रह्मचर्य आणि स्वदारसंतोष यांवर श्रद्धा असणाऱ्याने आपले मत जरूर सांगावे. तो मत सांगतो, तेव्हा समोरचा उत्तर देऊ शकतो; तो शिवी देतो, तेव्हा उत्तराला जागाच उरत नाही. दुसऱ्या बाजूनेही, शंका विचारणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याला द्वेष्टा ठरविणे हे अनेकान्ताशी विसंगतच.

खरी कसोटी विवाहाच्या बोलणीत लागते. ‘लग्न झाले की ठीक होईल’ म्हणून मुलाचा कल दडवून स्थळ पक्के केले, तर एका निरपराध मुलीचे आयुष्य पणाला लागते. श्रावकाच्या दुसऱ्या व्रतात ‘कन्यालीक’ म्हणजे विवाहसंबंधातील असत्य हे मोठ्या असत्यांत पहिले मोजले आहे. त्याच व्रताच्या अतिचारांत ‘रहोभ्याख्यान’, म्हणजे कोणाची एकांतातली गोष्ट उघड करणे, हेही आहे. दोन्ही एकदम पाळता येतात. ‘हे स्थळ आम्हाला जमणार नाही’ एवढे नम्रपणे सांगितले की असत्यही घडत नाही आणि मुलाचे गुपितही चव्हाट्यावर येत नाही. कारण कधी व कोणाला सांगायचे, ते त्या मुलाने वा मुलीने ठरवावे.

प्रतिक्रमणात अठरा पापस्थानके म्हटली जातात. तेरावे अभ्याख्यान, चौदावे पैशुन्य, सोळावे परपरिवाद: आरोप, चहाडी आणि निंदा. तिन्ही जिभेची पापे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना ज्यांची क्षमा मागायची, त्यांत आपल्या एका शब्दामुळे घरात गप्प झालेला कोणी असेल, तर त्याच्यापासूनच आरंभ करावा.