‘विषारी’ या विशेषणाची मर्यादा : दगडमाशाचे उदाहरण

मराठीत ‘विषारी’ हे एकच विशेषण दोन भिन्न अर्थांनी योजले जाते. जे खाल्ले असता बाधते तेही विषारी आणि जे चावले वा टोचले असता बाधते तेही विषारी. नित्याच्या व्यवहारात याने काही अडत नाही. शास्त्रीय लेखनात मात्र अडते. दगडमासा हे याचे बोलके उदाहरण होय.

तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफपर्यंत व त्याही पलीकडे, उथळ व उष्ण सागरतळावर हा मासा आढळतो. ‘सिनॅन्सिया व्हेरुकोसा’ या त्याच्या शास्त्रीय नावातील दुसरे पद चामखिळींनी भरलेल्या कातडीचे निदर्शक आहे. वाळूत वा प्रवाळखडकांच्या सांदीत तो निश्चल पडून राहतो आणि सभोवतालच्या दगडांहून वेगळा ओळखू येत नाही. हा वेष शिकारीसाठी असतो. जवळ आलेला लहान मासा तो क्षणार्धात गिळतो. विषाचे प्रयोजन निराळे, ते स्वसंरक्षणाचे. पाठीवर साधारणतः १३ काटे असून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंस विषग्रंथी असतात. काट्यावर पाय पडला म्हणजे त्या दाबानेच विष जखमेत शिरते. म्हणून यास ‘दंश’ म्हणणेही यथार्थ नव्हे. ‘दंश्’ धातूचा अर्थ चावणे. येथे मासा चावत नाही, किंबहुना तो कर्ताच नसतो.

याच माशाचे मांस, काटे काढून, जपानमध्ये खाल्ले जाते. याउलट केंड माशाच्या काही जातींचे यकृत खाल्ल्यास मृत्यू ओढवू शकतो आणि ते विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. दगडमाशाचे विष प्रथिनरूप असून उष्णतेने निष्प्रभ होते. प्रथमोपचार म्हणून जखमी पाय सोसवेल इतक्या, पण ४५ अंश सेल्सिअसहून अधिक नसलेल्या, गरम पाण्यात ठेवतात. त्याने वेदना शमतात. प्रतिविष १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियात उपलब्ध झाले. गंभीर प्रसंगी त्याचा उपयोग केला जातो.

दोहोंस ‘विषारी’ म्हणून थांबल्यास खाणारा आणि समुद्रात पाय ठेवणारा, दोघांचीही दिशाभूल होते. सुश्रुतसंहितेतील स्थावर-जंगम हा भेद विषाचा उगम सांगतो; शरीरात प्रवेश करण्याचा मार्ग सांगत नाही. तेव्हा पहिल्या प्रकारास ‘भक्षणविषारी’ व दुसऱ्यास ‘वेधविषारी’ म्हणावे, असे सुचवावेसे वाटते. परिभाषेतील असा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. उपचार कोणता करावा, हेही त्यावर अवलंबून असते.