अवकाळी पाऊस आणि आपला कांदा



मंडईंत कांद्याचा भाव चढला म्हणजे घरोघर एकच प्रश्न विचारला जातो : माल दडविला कोणी? साठेबाजी होतच नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु पुष्कळदां त्या भावाचें मूळ आभाळांत असतें. तें कसें, हें आज पाहूं.

महाराष्ट्रांत कांदा मुख्यतः तीन हंगामांत निघतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास खरिपाचा लाल कांदा येऊं लागतो; त्यामागून रांगडा; आणि मार्चपासून मेपर्यंत उन्हाळ कांदा. यांपैकीं उन्हाळ तेवढा टिकाऊ. नाशिककडील शेतकरी तो हवेशीर चाळींत भरून ठेवतात व त्यावर आपला पावसाळा निभावतो. चाळी रित्या होतात न होतात तोंच नवा लाल कांदा बाजारांत यावा, असा हा मेळ आहे. आभाळाचा घाव या सांध्यावर बसला कीं सारेंच बिघडतें.

२०१९ सालीं नेमकें हेंच झालें. परतीचा पाऊस लांबला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरांतहि पडत राहिला. कांद्याचीं मुळें उथळ. त्यांना पाण्याइतकीच हवाहि लागते. वाफ्यांत पाणी तुंबलें कीं तीं गुदमरतात आणि ओल्या पातीवर करपा पसरतो. पात हें कांद्याचें स्वयंपाकघर. तेंच बंद पडलें तर खालचा कांदा पोसणार कसा? जो पोसला तो शेतांतच सडला. त्या डिसेंबरांत कित्येक शहरांत कांदा किलोस १०० रुपयांच्या वर गेला.

उन्हाळ कांद्याचें दुःख निराळें. माना पडून कांदा काढणीस आला असतां पाऊस आला, तर मान नीट वाळत नाहीं. गारांनीं कांद्यास इजा होते ती वेगळीच. असा कांदा वरून चांगला दिसतो, पण चाळींत कुजूं लागतो व शेजारच्यासहि कुजवितो. मार्च-एप्रिलांतील घटकाभर पावसाची किंमत आपण सप्टेंबरांत देतों ती अशी.

तात्पर्य, वर्षाचा एकूण पाऊस किती, यापेक्षां तो पिकाच्या कोणत्या अवस्थेंत पडला, हें महत्त्वाचें. उन्हाचेंहि तसेंच. टोमॅटो फुलावर असतां पारा ३५ अंश सेल्सियसच्या पुढें राहिला, तर पराग निकामी होऊन फूल गळतें. मागाहून कितीहि पाणी दिलें तरी गळलेलें फूल परत येत नाहीं.

गादीवाफे, पाण्याचा निचरा, पातीसकट कांदा सुकविणें, हे उपाय शेतकरी योजतातच; पण त्यांनाहि मर्यादा आहे. म्हणून भाव चढेल तेव्हां एवढें ध्यानीं असावें : तो प्रत्येक शेतकऱ्याच्या पदरीं पडत नाहीं. ज्याचा कांदा वाफ्यांतच सडला, त्याच्यापाशीं त्या दिवशीं विकावयास कांहींच उरलेलें नसतें.