जुनी गिटार, फोटोपलीकडची

इंदूरमध्ये बसून वेगळ्याच घाटाची जुनी इलेक्ट्रिक गिटार ऑनलाइन निवडताना नजर आधी लाकडावर आणि रंगावर जाते. ध्वनीच्या दृष्टीने ते दोन्ही दुय्यम. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरते, त्याभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात वीज उमटते आणि तीच अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते; चुंबक आणि वेटोळे मिळून पिकअप. तत्त्व फॅरेडेचे, १८३१ सालचे. रिकनबॅकरची १९३२ च्या सुमाराची ‘फ्राइंग पॅन’ ही मांडीवरची हवाइयन गिटार तर अख्खी अ‍ॅल्युमिनियमची होती, लाकूड औषधालाही नव्हते! म्हणून विक्रेत्याकडे आणखी फोटो मागण्यापेक्षा मल्टिमीटरचा आकडा मागावा. एका वेटोळ्याच्या पिकअपचा रोध साधारण ५ ते ८ हजार ओहम भरतो. अनंत दिसला तर बहुधा आतली तार तुटलेली.

मग लाकडाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण आवाजापेक्षा आकारासाठी. माळव्याचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे, कोरडा, पावसाळा दमट. लाकूड ओलावा सोडते, शोषते आणि गिटारची मान वाकते. साधा बाक आतल्या लोखंडी सळीने बहुधा निघतो, पीळ मात्र निघत नाही. मान वाकली की स्वरही बिघडतो, म्हणून बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या नेमका सप्तकभर वर लागतो का, याचा व्हिडिओ ट्यूनरसकट मागावा. थोडा फरक ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो भाग, सरकवून जातो. विचित्र गिटारींत तो ब्रिजच कधी पक्का बसवलेला असतो, आणि सुटा भाग मिळत नाही. विक्रेता एवढे करणार नाही, असे म्हणाल तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.