पाणी पिऊन दगड होणारी पूड

सिमेंट-वाळूचा माल कालवून साचा भरला, घट्ट झाकण लावलं आणि तसाच पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी आत काय सापडेल? चिखल? छे, दगड! वारं न लागता, पाण्याखाली कडक झालेला.

म्हणजे सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. कणाला पाणी लागलं की त्याच्या अंगावर सूक्ष्म तंतू आणि पापुद्रे उगवू लागतात. शेजारच्या कणाचे तंतू त्यांच्यात घुसतात, वाळूला कवटाळतात आणि सगळं एकजीव होतं. या खटाटोपात ऊबही निघते. मोठ्या साच्यावर हात ठेवला तर चक्क जाणवते. स्लॅब टाकल्यावर गवंडी आळी करून पाणी का भरून ठेवतात, ते आता कळलं ना? घरी साच्यात ओतलेली वीतभर कुंडीही तितकीच तहानलेली. साच्यातून काढली की आठवडाभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. इंजिनिअर काँक्रीटची ताकद मोजतात ती 28 दिवसांनी, आणि त्यानंतरही ती वाढतच असते!

मग कालवतानाच भरपूर पाणी ओतावं की? नको. सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणीच रासायनिक बंधात अडकतं. माल हलता राहावा म्हणून थोडं जास्त घालावं लागतं, पण त्यापुढचं पाणी नुसती जागा अडवतं आणि उडून जाताना पोकळ्या मागे ठेवतं. पातळ माल साच्यात सुरेख पसरतो खरा, मात्र नंतर कडा नखानेही झडतात. आणि हातमोजे घालाच. ओलं सिमेंट कातडी सोलवटून काढतं.

साच्याची कमाल आणखी निराळी. सिलिकॉनला सिमेंट चिकटत नाही, शिवाय तो साचा पायातल्या मोज्यासारखा उलटा सोलून काढता येतो. त्यामुळे नक्षीतल्या पिंपळपानाची शीर न शीर, आत वळलेली कडसुद्धा, न मोडता बाहेर येते. साचा आतून चकचकीत असेल तर काँक्रीटही चकचकीत! पॉलिश नाही, रंग नाही. पूड इतकी बारीक, की साच्याचा नितळपणा जसाच्या तसा उचलते. ज्या मूळ वस्तूवरून साचा केला तिच्यावर बोटाचा ठसा राहिला असेल, तर तोही प्रत्येक कुंडीवर उमटणार. घात करतात ते हवेचे बुडबुडे. साचा भरल्यावर टेबलाला खालून टकटक करत राहिलं की ते वर येऊन फुटताना दिसतात.

आणि कुंड्यांना कमी लेखू नका. जोसेफ मोनिए हा फ्रेंच माळी. त्याने सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घातली आणि 1867 मध्ये या युक्तीचं पेटंट घेतलं. काँक्रीट दाबाला खंबीर, ताणाला कच्चं. तो ताण लोखंड पेलतं. पुढे त्याच युक्तीने त्याने नळ केले, टाक्या केल्या आणि 1875 मध्ये शाझले इथे चक्क पूल बांधला. आपल्या डोक्यावरचा आरसीसी स्लॅब त्या कुंड्यांचाच भाऊबंद! तेव्हा घरी फूट-दीड फुटाची कुंडी ओतणार असाल, तर गवंड्याकडून चिकन मेशचा, म्हणजे तारेच्या जाळीचा, उरलेला तुकडा मागून आणा आणि मालाच्या मधोमध दडवा.