कान : ऐकणारा आणि तोल सांभाळणारा



गळीत हंगाम सुरू झाला की मिल हाऊस आणि टर्बाइनपाशी शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. काही हंगाम असे गेले की कामगार घरीही मोठ्याने बोलू लागतो, टीव्हीचा आवाज वाढवतो. घरच्यांना वाटते, याचे बोलण्याकडे लक्षच नाही. लक्ष असते हो, बिघाड कानात असतो. तो कसा होतो हे कळावे म्हणून कानाची रचना आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

कानाचे तीन भाग आहेत : बाहेरचा, मधला आणि आतला. बाहेरच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून तिच्या टोकाला पडदा असतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती पडद्यावर आदळली की पडदा हलतो. त्याच्या मागे मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे साखळीसारखी जोडलेली असतात. रिकीब हे शरीरातले सर्वांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचे.

ही हाडे कशासाठी? विहिरीत बुडी मारली की काठावरचे बोलणे नीट ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्यात सहज शिरत नाही. आतल्या कानात द्रव भरलेला असतो. पडदा मोठा आणि रिकिबीची तबकडी लहान, त्यामुळे दाब कित्येक पटींनी वाढतो आणि आवाज द्रवात पोचतो.

आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी आहे. तीत सुमारे पंधरा हजार केसाळ पेशी असतात. द्रव हलला की त्यांचे केस वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. शंखाच्या तोंडाशी बारीक, उंच आवाज ओळखले जातात, तर शेंड्याकडे जाड, खालचे. या शंखातील क्रियेच्या शोधाबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांना 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शंखाला लागूनच तोल सांभाळणारा भाग आहे. तीन दिशांना तीन अर्धगोल नळ्या असतात. फुगडी थांबली तरी नळ्यांतला द्रव क्षणभर फिरतच राहतो, म्हणून अंगण फिरल्यासारखे वाटते. शेजारच्या पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म खडे असतात. त्यांच्यामुळे वर-खाली आणि पुढे-मागे कळते. हे खडे सुटून नळीत गेले की कुशीवर वळताच गरगरते. आपण 'पित्त झाले' म्हणून सोडून देतो, पण डॉक्टर डोके ठरावीक रीतीने फिरवून खडे पुन्हा जागेवर आणू शकतात. तोल सांभाळायला डोळे आणि तळपायही मदत करतात. रात्री उसाला पाणी देताना अंधारात डोळ्यांची मदत कमी पडते, तेव्हा बांधावर कानाचाच आधार मोठा.

आता मुख्य गोष्ट. कापलेल्या उसाचा खोडवा फुटतो, पण माणसाच्या कानातली केसाळ पेशी एकदा मेली की पुन्हा येत नाही. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज कानी पडत राहिला तर धोका आहे, असे तज्ज्ञ सांगतात. आधी उंच आवाजाच्या पेशी जातात. मग 'स', 'श', 'फ' ही अक्षरे निसटतात. माणूस बोलतोय हे ऐकू येते, पण काय बोलतोय ते कळत नाही. दुखत काहीच नाही, म्हणून उशिरा उमगते.

तेव्हा मिल हाऊसमध्ये आणि मळणी यंत्रापाशी कानात इअरप्लग घाला किंवा कानावर इअरमफ लावा. नुसता कापसाचा बोळा पुरत नाही. कानात काडी, पिन घालू नका, मनाने तेलही ओतू नका. कान वाहत असेल, कानात सतत गुणगुण होत असेल किंवा एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कामगार बंधूंनी दरवर्षी कानाची तपासणी करून घ्यावी, ही आमची कळकळीची विनंती. यंत्राचा भाग झिजला तर स्टोअरमधून नवा मिळतो, कानाचा मिळत नाही.