एकदलिकित व द्विदलिकित वनस्पती

फुलझाडांच्या (आवृतबीज वनस्पतींच्या) बीजात जो गर्भ असतो, त्याच्या पहिल्या पानास अथवा पानांस दलिका म्हणतात. गर्भाला एकच दलिका असलेल्या वनस्पती एकदलिकित व दोन दलिका असलेल्या वनस्पती द्विदलिकित होत. ज्वारी, गहू, मका, कांदा, केळ, ताड व बांबू ही पहिल्या प्रकारची, तर कापूस, तूर, हरभरा, संत्रे, आंबा व कडुनिंब ही दुसऱ्या प्रकारची परिचित उदाहरणे आहेत. फुलझाडांच्या एकूण सुमारे तीन लाख जातींपैकी जवळजवळ एकचतुर्थांश जाती एकदलिकित आहेत. नाव दलिकांच्या संख्येवरून पडले असले, तरी दोहोंमधील भेद मुळे, खोड, पाने, फुले व परागकण यांतही आढळतो. मात्र यांपैकी कोणतेही एक लक्षण अपवादाशिवाय लागू पडत नाही. लक्षणांचा समुच्चयच विचारात घ्यावा लागतो.

बोलीतील ‘द्विदल धान्य’ ही संज्ञा येथे थोडा घोटाळा करते. तिने फक्त कडधान्ये दर्शविली जातात. शास्त्रीय अर्थाने सरकी, तीळ, मोहरी व भोपळ्याचे बीही द्विदलिकितच असते. डाळ म्हणजे साल काढून सुटी केलेली दलिका होय.

उगवणाऱ्या बीजांतील हा फरक थिओफ्रॅस्टस या ग्रीक विद्वानाच्या लक्षात आला होता. पण त्याला वर्गीकरणाचा पाया बनविले ते इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जॉन रे (१६२७–१७०५) यांनी. त्यांच्या १६८२ मधील ग्रंथात ही विभागणी आढळते. बेंथॅम व हूकर यांनी १८६२–८३ या काळात प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात ती कायम राहिली आणि भारतातील बहुतेक वनस्पतिसंग्रहालये व पाठ्यपुस्तके दीर्घकाळ याच पद्धतीने चालली.

बीज व अंकुरण : बुलढाणा जिल्ह्याच्या नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी व आसपासची गावे पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसली आहेत. या खोऱ्याच्या काळ्या जमिनीत खरिपात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी व मका ही पिके घेतली जातात. त्यामुळे दोन्ही गटांची तुलना एका बांधावर उभे राहून करता येते. सरकी रुजली की वळणदार कोंब माती फोडतो व मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन हिरव्या दलिका पसरतात. सोयाबीन, मूग व उडीद यांच्याही दलिका वर येतात. तुरीच्या व हरभऱ्याच्या दलिका मात्र मातीतच राहतात; वर दिसतात ती खरी पाने. म्हणून केवळ रोप पाहून दलिका मोजता येत नाहीत, त्यासाठी भिजवलेले बी सोलून पाहावे लागते. ज्वारीच्या दाण्यात एकच दलिका असून ती ढालीसारखी असते. तिला वरूथिका म्हणतात. ती दाण्याबाहेर कधीच येत नाही. पुष्कातील (गर्भाबाहेरील पोषक भागातील) अन्न शोषून वाढत्या गर्भाला पुरविणे एवढेच तिचे काम असते.

या फरकाचे परिणाम शेतकऱ्यांना चांगले परिचित आहेत. ज्वारीचा वाढता अग्रभाग उगवणीनंतर सुमारे तीन-चार आठवडे जमिनीच्या पातळीखाली सुरक्षित असतो आणि तिची पाने बुडाकडून वाढतात. त्यामुळे गारपिटीने वा जनावरांच्या तोंडाने वरची पाने गेली, तरी ती पुन्हा वाढीला लागते. कापसाचे कोवळे रोप दलिकांच्या खाली तुटले, तर त्याला फुटण्यासाठी डोळाच उरत नाही व ते मरते. हरभऱ्यासारख्या पिकांत दलिका जमिनीत राहत असल्याने त्यांच्या बगलेतून नवा कोंब फुटू शकतो.

मुळे व खोड : द्विदलिकितांत गर्भाचे आदिमूळ टिकून त्याचे सोटमूळ बनते. तुरीचे सोटमूळ खोल जाते. पावसाळा संपल्यावर फुलावर येणारे हे पीक काळ्या जमिनीच्या खालच्या थरांतील ओलीवर तग धरते, ते त्यामुळेच. एकदलिकितांचे आदिमूळ अल्पायुषी असून त्याची जागा खोडाच्या बुडातून निघणारी आगंतुक मुळे घेतात. मक्याच्या पेऱ्यांतून निघून जमिनीत रोवलेली आधारमुळे याच प्रकारची होत.

सर्वांत मूलगामी भेद खोडात आहे. कपाशीच्या किंवा तुरीच्या कोवळ्या खोडाचा आडवा छेद घेतल्यास वाहक वृंद (पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचे जुडगे) एका वर्तुळात मांडलेले दिसतात. प्रत्येक वृंदात आत प्रकाष्ठ, बाहेर परिकाष्ठ व त्यांच्यामध्ये ऊतककर हा विभाजनक्षम पेशींचा पातळ थर असतो. हा थर आतल्या बाजूला लाकूड व बाहेरच्या बाजूला परिकाष्ठ निर्माण करीत राहतो. ज्वारीच्या धांड्यात वृंद भेंडात सर्वत्र विखुरलेले असतात व त्यांत ऊतककर नसतो. म्हणून खोड लांब होते, पण लाकूड धरीत नाही. हंगाम संपल्यावर पऱ्हाट्या व तुराट्या चुलीसाठी वा कुडासाठी रचल्या जातात आणि कडबा गुरांपुढे जातो, या व्यवहाराच्या मुळाशी हाच शारीरिक भेद आहे. बांबूचा कोंब जमिनीतून येतानाच अंतिम जाडीचा असतो व ताडाला वार्षिक वलये नसतात. ड्रॅसीना व युका यांसारख्या काही एकदलिकितांची खोडे वर्षानुवर्षे जाड होतात हे खरे. परंतु ते निराळ्या रीतीने. केळीचे ‘खोड’ तर खोडच नव्हे. ते पानांच्या आवरकांचे घट्ट वेटोळे होय.

कलम बांधणेही ऊतककरावरच अवलंबून असते. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बसविताना दोहोंचे ऊतककर एकमेकांशी जुळावे लागतात. एकदलिकितांत कलम अशक्य, असे पाठ्यपुस्तके पुष्कळ काळ सांगत आली. २०२२ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी गर्भावस्थेतील ऊतके जोडून गहू, ओट, केळ व खजूर यांसह अनेक एकदलिकितांत कलम साधल्याचे प्रसिद्ध केले. केळी व खजुराच्या मुळांवाटे येणाऱ्या रोगांच्या दृष्टीने या शोधाला महत्त्व आहे.

पाने व फुले : एकदलिकितांच्या पानांतील शिरा बहुधा समांतर, तर द्विदलिकितांच्या जाळीदार असतात. अळू व घोटवेल या एकदलिकित असूनही त्यांच्या पानांत जाळी दिसते. उलट इसबगोलाच्या पानातील मुख्य शिरा जवळजवळ समांतर असतात. कांद्याच्या फुलात परिदले सहा व केसरदले सहा, म्हणजे तीनाच्या पटीत असतात. कापसाच्या पाकळ्या पाच, मोहरीच्या चार.

तणांची ओळख : पिकांच्या बाबतीत गटाची चूक सहसा होत नाही, ती होते तणांच्या बाबतीत आणि तेथे ती महाग पडते. १९४० नंतरच्या दशकात प्रचारात आलेले २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या द्विदलिकितांना मारते व गवतवर्गीयांना बहुतांशी सोडते. म्हणून ते ज्वारी व मका यांत वापरता येते. ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला हा स्वतः द्विदलिकित परजीवी असल्याने त्याच्याविरुद्धही ते वापरले गेले आहे. परंतु कापूस या रसायनाला कमालीचा संवेदनशील आहे. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेले तुषार किंवा नीट न धुतलेल्या फवारणी पंपातील अवशेष एवढ्यानेही त्याची पाने अरुंद व चिरलेली होतात आणि पात्या-बोंडांना मार बसतो. याउलट क्विझॅलोफॉपसारखी तणनाशके कापूस व सोयाबीन यांना इजा न करता गवते मारतात. ज्या विकरावर (एंझाइमावर) ती आघात करतात, त्याचे हरितलवकांतील रूप गवतांत वेगळे असते.

येथे नावे व बाह्यरूप दोन्ही फसवितात. गाजर गवत हे गवत नसून सूर्यफुलाच्या कुलातील द्विदलिकित आहे. त्यावर गवतनाशकाचा उपयोग होत नाही. केना रुंद पानांचा दिसतो, पण पानांतील समांतर शिरा, देठाभोवतीचे आवरक व निळ्या फुलाच्या तीन पाकळ्या यांवरून तो एकदलिकित ठरतो. तरीही तो गवत नव्हे, म्हणून गवतनाशक त्यालाही मारीत नाही. लव्हाळ्याची गत तशीच : तो एकदलिकित व दिसायला गवतासारखा, परंतु त्रिधारी दांड्याचा व निराळ्या कुलातला. हराळी मात्र खरे गवत आहे. थोडक्यात, शेतीतील ‘अरुंद पान’ व ‘रुंद पान’ या संज्ञा आणि वनस्पतिशास्त्रातील दोन गट एकच नव्हेत.

वर्गीकरणातील स्थान : दोन्ही गट फार जुने आहेत. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडलेल्या, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या मोहगावकलान (जि. छिंदवाडा) येथील जीवाश्मांत ताडकुलीन खोडे व द्विदलिकितांचे अवशेष शेजारी शेजारी मिळतात. परंतु दोघांचा दर्जा सारखा नाही. परागकण, शारीर व पुढे डीएनए यांच्या अभ्यासातून असे दिसले की, एकदलिकित ही एकाच पूर्वजापासून उतरलेली शाखा आहे, तर ‘द्विदलिकित’ हा अनेक शाखांचा एकत्र बांधलेला गठ्ठा आहे. बहुसंख्य द्विदलिकितांच्या परागकणांना तीन छिद्रे वा खाचा असतात. त्यांना आता खरे द्विदलिकित मानतात. सोनचाफा, सीताफळ, मिरी, नागवेल व दालचिनी यांची शाखा वेगळी पडते. सोनचाफ्याच्या परागकणाला एकदलिकितांप्रमाणे एकच खाच असते आणि सीताफळाच्या फुलात तीन संदले व तीन जाड बाह्य पाकळ्या असतात. कुमुदाची शाखा त्याहून जुनी आहे. त्याच्याच तळ्यात उगवणारे कमळ मात्र खऱ्या द्विदलिकितांत मोडते. १९९८ मध्ये मांडल्या गेलेल्या व २०१६ मध्ये तिसऱ्यांदा सुधारलेल्या आवृतबीज जातिवृत्त गटाच्या वर्गीकरणात ‘द्विदलिकित’ असा स्वतंत्र वर्ग ठेवलेला नाही.

जुनी विभागणी मात्र व्यवहारातून गेलेली नाही. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने प्रसिद्ध केलेली महाराष्ट्राची वनश्री एकदलिकितांचा एक खंड (१९९६) व द्विदलिकितांचे दोन खंड (२०००, २००१) अशीच विभागलेली आहे. क्षेत्रकार्यात अनोळखी झाड हाती आल्यास पान, फूल व खोडाचा छेद पाहून प्रथम यांपैकी कोणता खंड उघडावयाचा हेच ठरवावे लागते.